वेस्ट व्हर्जिनियातल्या कॅस रेल्वेच्या शे इंजिनांचे फोटो काढायचेत, माहिती हवी आहे

तापीकाठ

नमस्कार मंडळी. आम्ही नॉर्दर्न व्हर्जिनियात राहतो, बाबा सध्या भुसावळहून आलेत आणि ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात त्यांना घेऊन कॅसला जायचं ठरलंय, ते वेस्ट व्हर्जिनियातलं लाकूडतोडीच्या रेल्वेचं गाव. बाबांची उमेदीची वर्षं वाफेच्या इंजिनावर गेली, आधी फायरमन आणि मग ड्रायव्हर, त्यामुळे यूट्यूबवर शे इंजिनाचा, म्हणजे गिअरवर चालणाऱ्या वाफेच्या इंजिनाचा, व्हिडिओ बघितल्यापासून रोज जेवताना तोच विषय, की सिलिंडर उभे कसे, तेही एकाच बाजूला, आणि बॉयलर मधोमध का नाही. आता हे प्रत्यक्ष दाखवायचं आणि त्यांच्यासाठी एक चांगला अल्बम करायचा असं मनात आहे.

माझ्याकडे कॅननची क्रॉप बॉडी आहे, १८-१३५ आणि एक ५०ची लेन्स. ट्रायपॉड आहे पण गाडीत चालेल का माहीत नाही.

विचारायचं हे, की व्हिटेकरपर्यंतची छोटी गाडी घ्यावी का वर बाल्ड नॉबच्या माथ्यापर्यंतची मोठी? फोटो गाडीत बसून चांगले येतात का खाली उभं राहून? बसायचं तर कुठल्या डब्यात? आणि काळं इंजिन, पांढरी वाफ, वर पांढरं आकाश असं सगळं एकत्र आलं की एक्स्पोजर कसं ठेवायचं? बाबांचे गुडघे फारसे साथ देत नाहीत, त्यामुळे डोंगरात चढून एखादी जागा पकडणं जमणार नाही, सपाटीवरून जे मिळेल ते.

ज्यांनी तिथे जाऊन फोटो काढलेत त्यांनी प्लीज सविस्तर लिहा.

डोंगरयात्री

आधी बाबांना सांगा की त्यांचा प्रश्न एकदम बरोबर जागी आहे आणि तुमच्या फोटोंचं निम्मं उत्तर त्यातच आहे. शे इंजिनाची सगळी यंत्रणा उजव्या बाजूला असते. सिलिंडर उभे, केबिनच्या पुढे, त्याच्याखाली एक लांब शाफ्ट पूर्ण इंजिनभर पुढेमागे जातो आणि प्रत्येक चाकाला बाहेरून दातेरी गिअर. टेंडरखालची चाकंसुद्धा त्याच शाफ्टवर फिरतात म्हणजे इंजिनाचा सगळा भार ओढण्याच्या कामी येतो. हे सगळं वजन उजवीकडे आलं म्हणून बॉयलर डावीकडे सरकवलाय. एफ्राइम शे म्हणून मिशिगनमधले लाकूड व्यावसायिक होते त्यांची ही कल्पना, १८८१चं पेटंट, आणि बांधली ओहायोतल्या लायमा कारखान्याने. तर डाव्या बाजूने काढलेला शेचा फोटो म्हणजे नुसता बॉयलर आणि चाकं, उजवी बाजू मिळाली पाहिजे. स्टेशनात पोचल्यावर पहिलं काम हेच, की आज उजवी बाजू कुठल्या अंगाला आहे आणि ऊन कुठून येतंय ते बघून ठेवा.

आता गाडी. तिथला चढ काही ठिकाणी ११ टक्के आहे, म्हणजे साधारण नवात एक, आपला कसारा आणि भोर घाट ३७त एक, यावरून बाबांना अंदाज येईल. एवढ्या चढावर इंजिन गाडीच्या खालच्या टोकाला असतं आणि डबे वर ढकलत नेतं. फोटोवाल्यांना हे आधी माहीत नसतं, मग ते हौसेने पहिल्या डब्यात जाऊन बसतात आणि समोर नुसते रूळ. वाटेत दोन झिगझॅग आहेत, गाडी एका फाट्यावर पुढे जाऊन थांबते, सांधे बदलतात आणि ती उलट दिशेने वर निघते. पहिल्या आणि दुसऱ्या झिगझॅगच्या मधल्या तुकड्यात इंजिन पुढे येतं आणि गाडी ओढतं, दुसऱ्यानंतर परत ढकलायला लागतं.

डबा निवडायचा तो यावरून. इंजिनाला लागून असलेल्या डब्यात आवाज आणि वाफ अंगावर येते, बाबांना तिथेच बसवा, त्यांना भट्टीचं दार उघडलेलं कळेल, फावड्याचा आवाज कळेल. पण फोटो तिथून येत नाही, फक्त इंजिनाचं तोंड अगदी जवळून दिसतं. इंजिनापासून शक्य तितक्या लांबच्या डब्यात बसलं तर वळणावर मधले डबे, मागे झाडी आणि टोकाला धूर ओकणारं इंजिन असा पूर्ण फोटो १३५ला मस्त बसतो. डबे म्हणजे पूर्वीच्या ओंडके वाहायच्या सपाट वाघिणी, त्यांना छप्पर आणि बाकं बसवलीयेत, बाजू मोकळ्या. ट्रायपॉडचा तिथे काही उपयोग नाही, गाडी हादरते आणि लोकांना अडचण होते. लेन्स डब्यात बदलू नका, कोळशाची बारीक चुरी सतत उडत असते आणि सेन्सरवर बसली की गेलं. चष्मा किंवा गॉगल सगळ्यांनी लावा, बाबांनीही, त्यांना सवय असली तरी.

माझं स्पष्ट मत, तुमच्याकडे एकच दिवस असेल तर बाल्ड नॉबची गाडी घ्या. व्हिटेकर कॅसपासून ४ मैलांवर, सगळं मिळून दोनेक तास. बाल्ड नॉब ११ मैल, साडेचार तासांच्या आसपास. पण मोठी गाडीसुद्धा व्हिटेकरला थांबते आणि तिथे उतरून इंजिनाशेजारी निवांत उभं राहता येतं, जागा सपाट आहे, गुडघ्यांना त्रास नाही. तिथे जुना लाकूडतोड्यांचा तळ परत उभा केलाय, ओंडके तारेवरून ओढून आणायचं वाफेवर चालणारं भलंमोठं यंत्र पण आहे. लोक खाऊ घ्यायला पळतात, तुम्ही आधी इंजिनाकडे जा कारण पहिली काही मिनिटंच तिथे मोकळी जागा मिळते. पुढे वर जाताना एका झऱ्यावर इंजिन पाणी भरायला थांबतं तेही बघण्यासारखं.

आणि खालून काढायचा एक तरी फोटो हवाच. गावातून गाडी सुटते तेव्हा. त्यासाठी एक दिवस आधी पोचून गावात मुक्काम करा, कंपनीने कामगारांसाठी बांधलेली पांढरी लाकडी घरं भाड्याने मिळतात, ऑक्टोबरमध्ये लवकर भरतात म्हणून आजच बघा. मग संध्याकाळी इंजिनं शेडकडे परतताना आणि सकाळी थंडीत तयार होताना असे दोन वेळा दिसतील. माझ्या मते सकाळची ही तासाभराची वेळ अख्ख्या प्रवासापेक्षा फोटोंना जास्त चांगली.

प्रकाशरेषा

वरचा प्रतिसाद उत्तम आहे, मी फक्त कॅमेऱ्याचं लिहिते.

काळं इंजिन फ्रेममध्ये मोठं आलं की कॅमेऱ्याला वाटतं अंधार आहे, तो एक्स्पोजर वाढवतो आणि वाफ पूर्ण जळून जाते, तिच्यात नुसता पांढरा कागद उरतो. वाफ एकदा जळली की नंतर काहीच परत येत नाही पण काळ्यात दडलेले रिव्हेट, पाइप, तेलाची चमक रॉ फाइलमधून बरीच वर काढता येते. म्हणून रॉमध्येच (जेपेगमध्ये नको) काढा आणि उन्हात एक्स्पोजर पाऊण ते एक स्टॉप खाली ठेवा, हिस्टोग्रामचा (उजेडाच्या आलेखाचा) उजवा काठ आणि जळलेल्या भागाची स्क्रीनवरची लुकलुक बघत राहा. ढगाळ दिवस आला तर अजिबात नाराज होऊ नका, काळ्या इंजिनाला ढगाळ उजेडच मानवतो, फक्त आकाश फ्रेममधून जमेल तितकं कापा, डोंगर आणि झाडी मागे घ्या.

शटरबद्दल मला आग्रहाने सांगायचंय. बरेच जण १/१००० ला सगळं गोठवून टाकतात आणि मग फोटोत इंजिन उभं आहे का चालतंय तेच कळत नाही. शे चढावर माणूस भराभर चालेल एवढ्याच वेगाने जातं पण गिअरमुळे तो शाफ्ट चाकांच्या दुपटीहून जास्त वेगाने फिरत असतो. याचा फायदा घ्या. उजव्या बाजूला काटकोनात उभं राहून १/३० किंवा १/४० ला इंजिनाबरोबर कॅमेरा हळूहळू फिरवा, बॉडी शार्प राहते आणि क्रँक, शाफ्ट, गिअर फिरताना दिसतात. वेग इतका कमी असतो की पॅनिंग करायला भरपूर वेळ मिळतो, बर्स्ट लावा आणि त्यातली एक निवडा. डब्यातून मात्र १/५०० च्या खाली जाऊ नका कारण तुम्हीच हलताय. तिरक्या कोनातून येणाऱ्या इंजिनाला १/२५० पुरे, एफ ५.६ ते ८, आयएसओ ऑटो ठेवून वरची मर्यादा ३२०० करा, स्प्रूसच्या दाट झाडीत एकदम अंधारून येतं.

थंडीबद्दल डोंगरयात्री म्हणाले ते खरंच आहे. वाफ मुळात दिसत नाही, हवेत गार होऊन थेंब झाले की पांढरी दिसते, म्हणून जितकी हवा गार तितके ढग मोठे. गाडी सुटताना सिलिंडरमध्ये साचलेलं पाणी बाहेर टाकायला ड्रायव्हर खालचे कॉक (तोट्या) उघडतो आणि वाफेचा फवारा आडवा बाहेर येतो, तो क्षण दोन-चार सेकंदांचा असतो आणि शिट्टी वाजली की लगेच येतो. शिट्टी ऐकू आली की बोट शटरवर हवं.

व्हिडिओपण घ्या, निदान आवाजासाठी. तीन सिलिंडर आणि त्यात गिअर, त्यामुळे चाकाच्या एका फेरीला धुराड्यातून डझनभर तरी ठोके पडतात, साध्या दोन सिलिंडरच्या इंजिनाला चारच. डोळे मिटून ऐकलं तर एक्स्प्रेस जातेय असं वाटतं आणि बघावं तर गाडी सरपटतेय.

तापीकाठ

किती छान लिहिलंय दोघांनी, खूप आभार! बाबांना सगळं वाचून दाखवलं. नवात एकचा चढ म्हटल्यावर ते दोन मिनिटं गप्प बसले आणि मग म्हणाले, एवढ्या चढावर बॉयलरमधलं पाणी एका टोकाला जातं, तेव्हा भट्टीच्या माथ्यावर पाणी राहतंय ना हे बघणं फायरमनचं पहिलं काम, पाण्याची पातळी दाखवणारी काच सतत बघत राहायला लागत असणार.

आणि धुराबद्दल त्यांनी मुद्दाम लिहायला सांगितलंय. फोटोवाल्यांना काळाभोर धूर आवडतो पण त्यांच्या शेडमध्ये काळा धूर म्हणजे कोळसा नीट जळत नाहीये, कोळसा वाया आणि फायरमनला बोलणी. चांगल्या फायरमनचा धूर हलका राखाडी, फावडं मारलं की काही सेकंद काळा होणार आणि परत साफ होणार. त्यामुळे काळा धूर पाहिजे असेल तर फावड्याच्या तालाकडे लक्ष ठेवायचं, भट्टीचं दार वाजलं की लगेच काढायचा. मला हे फार आवडलं म्हणून जसंच्या तसं लिहिलं.

अजून दोन प्रश्न. कॅसला कुठलं इंजिन दिसेल हे आधी कळतं का? आणि तिथे फोनला रेंज नसते म्हणतात ते खरं आहे का, बाबांना बीपीचा त्रास आहे म्हणून काळजी वाटते.

सॅनहोजेकर

बाबांना नमस्कार सांगा, धुराचं वाक्य वहीत लिहून ठेवलं.

इंजिनांचं सांगतो. त्या दिवशी कुठलं निघेल ते शेडवर ठरतं, पण दोन इंजिनं ओळखता आलीच पाहिजेत. एक ५ नंबर, १९०५ साली लायमाने बांधलं आणि नवं कोरं कॅसला आलं, तेव्हापासून त्याच डोंगरावर आहे. दुसरं मोठं ६ नंबर, १६२ टनांचं, लायमाने १९४५मध्ये बांधलेलं शेवटचं शे, ते वेस्टर्न मेरीलँड रेल्वेचं होतं, मधली वर्षं बाल्टिमोरच्या बी अँड ओ म्युझियममध्ये उभं होतं आणि १९८०मध्ये कॅसला आणून परत चालू केलं. दोन्ही एका फ्रेममध्ये मिळाली तर सोडू नका, मधे ४० वर्षांचं अंतर आहे आणि रचना तीच. शेडमध्ये एक हायस्लर पण आहे, म्हणजे दुसऱ्या प्रकारचं गिअरचं इंजिन, १९२९चं, त्याचे सिलिंडर व्ही आकारात आणि शाफ्ट मधून जातो, बाबांना तेही दाखवा.

ही रेल्वे टिकली कशी हे पण त्यांना सांगा. १९०१मध्ये कागद कंपनीने डोंगरावरचं रेड स्प्रूस तोडायला ही लाइन टाकली, लगद्यासाठीचं लाकूड व्हर्जिनियात कव्हिंग्टनच्या कागद गिरणीत जायचं. १९६०मध्ये कॅसची सॉ मिल बंद झाली, रूळ आणि इंजिनं भंगारात निघाली होती. तेव्हा पेनसिल्व्हेनियातल्या रसेल बॉम नावाच्या रेल्वेवेड्या माणसाने गावातल्या लोकांना घेऊन राज्य सरकारच्या मागे लागून हे वाचवलं, १९६१मध्ये राज्याने विकत घेतलं आणि १९६३मध्ये पहिली पर्यटक गाडी धावली. अमेरिकेत अशा शेकडो लाकूडतोडीच्या लाइन होत्या, बहुतेकांचे रूळसुद्धा राहिले नाहीत. मला स्वतःला तिथला सगळ्यात महत्त्वाचा फोटो इंजिनाचा नाही वाटत, शेडमध्ये काम करणाऱ्या माणसांचा वाटतो. सुटे भाग कुठे विकत मिळत नाहीत, ते तिथेच घडवायला लागतात. त्यांना विचारून, हसून दोन शब्द बोलून मग फोटो काढा, आणि बाबा फायरमन होते हे पहिल्यांदा सांगा. रेल्वेची माणसं जगात कुठेही एकमेकांना ओळखतात, केबिनमध्ये डोकवायला मिळालं तर आश्चर्य वाटायला नको.

आमच्याकडे कॅलिफोर्नियात सांताक्रूझजवळ फेल्टनला रोअरिंग कॅम्प आहे, तिथेही १९१२चं डिक्सियाना नावाचं शे चालतं, रेडवुडच्या जंगलातून. बे एरियात कुणी येणार असेल तर जरूर बघा. फोटोला मात्र ते अवघड, झाडं इतकी उंच की दुपारीसुद्धा खाली अंधार आणि मधेच उन्हाचे कडक पट्टे.

नेरळ_लोकल

अमेरिकेत कधी गेलो नाही पण राहवलं नाही म्हणून लिहितोय. आमच्या माथेरानच्या गाडीला १९०७पासून वाफेची जी छोटी जर्मन इंजिनं होती, ओरेनस्टाइन अँड कोपेलची, त्यांचीही अडचण हीच होती, चढ २०त एक आणि वळणं भयंकर. तिथे उपाय वेगळा केला, पुढचा आणि मागचा आस वळणावर थोडा सरकेल असा ठेवला. शेमध्ये इंजिनाखालच्या चाकांच्या अख्ख्या चौकटीच (बोगी) वळतात. एकाच काळातले दोन डोंगर आणि दोन उत्तरं. बाबा भारतात परतले की त्यांना नेरळला आणा, जुनं इंजिन तिथे ठेवलंय, आणि दोन्हींच्या चाकांचे फोटो शेजारी शेजारी लावून अल्बममध्ये टाका, बघणाऱ्याला फरक एका नजरेत कळेल.

डोंगरयात्री

नेरळकर, हे सुचलंच नव्हतं, फार छान कल्पना.

तापीकाठ, रेंजचं खरं आहे. कॅसच्या जवळ ग्रीन बँकला रेडिओ दुर्बीण आहे, १०० मीटर व्यासाची, आणि तिच्या भोवतीचा सुमारे १३,००० चौरस मैलांचा भाग १९५८पासून रेडिओ शांतता क्षेत्र आहे, म्हणजे तिथे रेडिओ लहरींवर निर्बंध आहेत. गावात मोबाइल लागेल असं धरून चालू नका. नकाशे आधी डाउनलोड करा, तिकीट आणि घराचं बुकिंग कागदावर प्रिंट करून न्या, बाबांची औषधं दोन दिवस जास्तीची ठेवा, मुक्कामी घरात लँडलाइन आहे का ते बुकिंग करताना विचारा आणि तो नंबर घरच्यांना देऊन ठेवा. डोंगरावर काही झालं तर गाडीतल्या कर्मचाऱ्यांना लगेच सांगायचं. चढताना त्यांना बीपीबद्दल आधीच सांगून ठेवलं तर उत्तम. गाडी एकदा निघाली की मधे उतरून परत येता येत नाही, हे लक्षात घेऊन बाबांना साडेचार तास झेपतील का ते त्यांच्या डॉक्टरांना विचारूनच बाल्ड नॉबचं तिकीट काढा, नाहीतर व्हिटेकरची गाडी आणि सकाळची शेड, यातही अल्बम भरेल.

कपडे नीट घ्या. कॅस गाव २,४५२ फुटांवर आणि बाल्ड नॉब ४,८४२, खाली स्वेटर पुरेल तेव्हा वर जाड जाकीट आणि कानटोपी लागते, डबे उघडे आहेत हे विसरू नका. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात पानांचे रंग मधल्या टप्प्यात चांगले मिळायला हवेत, माथ्यावर सगळं स्प्रूस म्हणजे हिरवंच. हवा स्वच्छ असेल तर माथ्यावरून ती पांढरी दुर्बीण खाली दिसते, १३५ला येईल. दुर्बीण जवळून बघायला गेलात तर अगदी जवळच्या भागात डिजिटल कॅमेरा चालत नाही, फिल्मचा चालतो, कुणाकडे जुना असेल तर घेऊन जा.

रस्ता स्टाँटनवरून २५० नंबरचा धरा, माँटेरेवरून बार्टोपर्यंत, मग २८ने ग्रीन बँक आणि तिथून कॅस. शेवटचे दोन तास सगळी वळणं, बाबांना पुढे बसवा आणि दिवसाउजेडी पोचा. पेट्रोल स्टाँटनला फुल करा.

तापीकाठ

डॉक्टरांशी बोलले, जायला हरकत नाही म्हणाले, फक्त थंडीचं सांभाळा आणि सकाळची गोळी चुकवू नका. बाल्ड नॉबची तिकिटं काढली आणि गावातलं घर आदल्या रात्रीसाठी मिळालं, लँडलाइन आहे. मी लांबच्या डब्यात आणि बाबा इंजिनाजवळ असं बसता येणार नाही, त्यांना एकटं सोडायचं नाहीये, तर वर जाताना दोघं इंजिनाजवळ बसू आणि व्हिटेकरनंतर जागा बदलता येते का ते तिथे विचारेन. प्रकाशरेषा, १/३०चं पॅनिंग इथल्या मेट्रोवर सराव करून बघते या शनिवारी, फोटो इथेच टाकते, काय चुकतंय ते सांगा.

प्रकाशरेषा

नक्की टाका. सराव स्टेशनात शिरणाऱ्या मेट्रोवर करा, सुटणाऱ्या नको, शिरताना वेग कमी होत शेच्या वेगाच्या जवळ येतो. पाय आधी शेवटच्या बिंदूकडे ठेवा आणि फक्त कंबर वळवा, आणि शटर दाबल्यावरही फिरवणं थांबवू नका. लेन्सवर स्टॅबिलायझरचा पॅनिंग मोड असेल तर तो लावा, नसेल तर स्टॅबिलायझर बंद करून बघा कुठल्यात जास्त शार्प येतात ते.